उसन्या वाट्यांचा रविवार

आदरणीय सुवार्ताबाई वाघचौरे यांची आणि माझी पहिली भेट झाली ती मी एक कडवे चुकीचे गायलो म्हणून. नव्वदचे दशक नुकतेच सुरू झाले होते. बेलापूरच्या सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून माझी बदली झाली होती, नेरूळला एका खोलीचे घर मिळाले होते आणि नव्या शहरातला तो माझा पहिलाच रविवार होता. आमची मराठी ख्रिस्ती मंडळी तेव्हा शाळेच्या हॉलमध्ये उपासनेला जमत असे. अजूनही तिथेच जमते. मी मागच्या बाकावर बसलो. बाक पहिलीच्या मुलांचे, त्यामुळे गुडघे हनुवटीला लागलेले. तशा अवस्थेतही ओळखीचे गाणे लागले म्हणून मी मोकळ्या गळ्याने गायलो. उपासना संपल्यावर पेटी वाजवणाऱ्या बाई उठून सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नवीन दिसता. आवाज चांगला आहे, तो मागच्या बाकावर वाया घालवू नका. आणि दुसरं कडवं चुकलात."

मी म्हणालो, "आमच्याकडे नगरला असंच म्हणतात."

"मग नगरलाही चुकतात," बाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी साडेआठला सरावाला या."

मी गेलो. तेव्हापासून आजतागायत बाईंनी बोलावले आणि मी गेलो नाही, असे झालेले नाही. नाही म्हणण्याची हिंमत मंडळीत कोणात असेल तर त्यांनी या ग्रंथात तसा लेख लिहावा.

बाईंना साठ वर्षे पूर्ण झाली, म्हणून हा गौरवग्रंथ निघतो आहे. संपादकांनी मला "बाईंचे संगीतकार्य" असा विषय दिला होता. तो मी पाळलेला नाही. का पाळला नाही, ते पुढे येईलच.

बाई शाळेत पहिलीचा वर्ग घेत. चाळीस वर्षांच्या होईपर्यंत त्यांनी मुंबईत शिकवले आणि मग खाडीकाठच्या या नव्या वसाहतीत आल्या. त्यांच्या वर्गात फ्लॅटमधली मुले असत तशी जुन्या गावांतली, मिठागरांवर आणि मासेमारीवर वाढलेल्या घरांतलीही असत. त्या मुलांच्या बोलण्याला इतर वर्गांत हसू फुटे; बाईंच्या वर्गात फुटत नसे. एकदा गावातल्या एक आजी तक्रार घेऊन आल्या. "बाय, आमचा पोर आता घरान पन तुमच्यासारका बोलतं. आमाला परका वाटतं." बाईंनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि त्या नातवाला हाक मारून सांगितले, "शाळेत माझं बोलायचं, घरी आजीचं. एक जरी विसरलास तरी मी कान धरीन." तो मुलगा आज कळंबोलीला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात आहे आणि दोन्ही भाषा त्याला अस्खलित येतात.

बाई मंडळीतल्या मुलांना धर्मशिक्षण देत त्या रविवारच्या शाळेत मात्र मुलांपेक्षा त्यांचे आईबापच जास्त शिकले. त्याला कारण आगमनकाळ.

ज्यांना आमच्या रीती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. नाताळाच्या आधीचे चार रविवार आम्ही आगमनकाळ म्हणून पाळतो. तो वाट पाहण्याचा काळ. हिरव्या पाल्याच्या कड्यात चार मेणबत्त्या उभ्या करायच्या, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी, आणि दर रविवारी एकेक वाढवत लावायची. जांभळा रंग पश्चात्तापाचा. तिसऱ्या रविवारची गुलाबी मेणबत्ती आनंदाची. आमचे कडे म्हणजे शाळेच्या अडगळीतल्या सायकलची रिंग. तिला बाई दरवर्षी अशोकाची पाने बांधतात, आणि पानांतून गंजलेली तार दिसली तर बांधणाऱ्याची खैर नसते.

पश्चात्ताप हा शब्द सहा वर्षांच्या मुलाला कसा समजावायचा? बाईंनी तो समजावण्याच्या भानगडीत न पडता पहिल्या रविवारसाठी एक नेम घालून दिला. घरात दुसऱ्याची उसनी आणलेली, परत करायची राहून गेलेली जी वस्तू असेल, ती या रविवारी आणून टेबलावर ठेवायची, प्रार्थना करायची आणि संध्याकाळपर्यंत ज्याची त्याला पोचवायची. मुलांनी पट्ट्या, कंपासपेट्या, गोष्टीची पुस्तके आणावीत अशी बाईंची कल्पना असावी. मुले घरी गेली आणि त्यांनी आयांच्या मांडण्या तपासल्या. पहिल्याच वर्षी टेबलावर शेजारणींच्या स्टीलच्या वाट्यांची रांग लागली. शिवाय एक छत्री, एक पाटा आणि एक पुरणयंत्र. आमच्याच घरातून, माझ्या पत्नीच्या, सुनीताच्या डोळ्यांदेखत, समोरच्या कुलकर्णीवहिनींची चाळणी गेली. त्या वहिनी दारात चाळणी पाहून म्हणाल्या, "अगं, ही गेली म्हणून मी नवीन घेतली पण! तुमचा हा कुठला सण? आमच्यातही सुरू करा म्हणावं."

त्यात बाईंचा एक दंडक होता. वाटी रिकामी परत करायची नाही. तो काही आमच्या धर्माचा नियम नव्हे, तो आपल्या साऱ्याच घरांतला. चिमूटभर का होईना, साखर घालून द्यायची. बाई मुलांना एवढेच सांगत, "रडून काय होतंय? ज्याचं आहे ते त्याला नेऊन द्या, आणि हसत द्या." पुढे मंडळीत या दिवसाला उसन्या वाट्यांचा रविवार हेच नाव पडले. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, महिन्यातून एकदा मुंबईहून येत. त्यांनीही एकदा वेदीवरून तेच नाव घेतले आणि मग जीभ चावली.

आता मूळ गोष्टीकडे येतो. बाईंविषयी मंडळीत एक विनोद गेली सात वर्षे चालत आला आहे, तो या ग्रंथाच्या बहुतेक वाचकांना ठाऊक आहे. नाताळच्या गाण्यांच्या फेरीची घरांची यादी निघाली की कोणीतरी हमखास म्हणते, "बाईंची यादी आहे, एकदा तपासून घ्या बरं." सगळे हसतात. बाईही हसतात. त्या विनोदाचे मूळ याकोबअण्णांच्या करंज्यांत आहे.

याकोबअण्णा ऐरोलीला राहत. जन्मभर छापखान्यात खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवण्याचे काम केलेले, पत्नी गेलेली, मुलगी लग्न होऊन पुण्याला. ऐरोलीला रेल्वे नव्हती. ऐरोलीहून नेरूळला उपासनेला यायचे तर बसची वाट पाहण्यात तास जाई. तरी हॉलचे दार उघडायच्या आधी अण्णा पायरीवर हजर असत. कडक माणूस. मी मंडळीत आल्याच्या दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबरात, कार्यालयातल्या मित्राचा कीबोर्ड मागून आणला आणि एका जुन्या गीताला नवा ठेका लावला. तरुण मंडळी खूश. उपासना संपताच अण्णा उभे राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरा, हे देवाचं गाणं आहे. लग्नाचा बँड नव्हे."

हॉलमध्ये हशा पिकला. सुनीताही हसली. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या, आणि खरे सांगायचे तर त्या महिनाभर निवल्या नाहीत.

डिसेंबरात गाण्यांच्या फेरीची तयारी सुरू झाली. टेम्पो करून एकेका संध्याकाळी एकेका वसाहतीत जायचे, घरोघर गायचे. घरे बाई तोंडी सांगत आणि माझे अक्षर वळणदार म्हणून यादी मी लिहून काढी. ऐरोलीच्या यादीत अण्णांचे नाव बाईंनी सांगितले होते. पक्की प्रत करताना मी ते घेतले नाही. विसरलो नाही. घेतले नाही. बाईंनी माझ्यावरच्या विश्वासाने चष्मा न लावताच खाली सही केली. त्या शनिवारी बाईंना ताप होता, त्या टेम्पोत नव्हत्या. ऐरोलीत फेरी संपत आली तेव्हा कोणीतरी विचारले, "अण्णांकडे नाही का जायचं?" मी कागद पुढे करून म्हणालो, "यादीत नाव नाही." कार्यालयात रोज दहा जणांना म्हणतो तसे म्हणालो. लोकांना वाटले, अण्णा पुण्याला गेले असतील. टेम्पो वळला.

दुसऱ्या दिवशी तिसरा रविवार, आनंदाचा. अण्णा नेहमीसारखे पायरीवर होते. हातात स्टीलचा मोठा डबा. तो त्यांनी टेबलावर ठेवला आणि झाकण काढले. करंज्या होत्या, कडा वाकड्यातिकड्या, पुरुषाच्या हाताने दाबलेल्या. ते म्हणाले, "काल कोणी आलं नाही. उरल्यात. पोरांना वाटा."

बाईंच्या हातात काडेपेटी होती. त्या ताप उतरल्या उतरल्या तशाच आल्या होत्या. त्यांनी यादी मागवली, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचली. खाली त्यांची सही होती. आमच्या कार्यालयात एक अलिखित कायदा आहे, ज्याची सही त्याची चूक. मी त्या कायद्याच्या आड उभा होतो.

बाई अण्णांसमोर गेल्या आणि सगळ्या मंडळीसमोर त्यांनी हात जोडले. "अण्णा, यादीवर माझी सही आहे. न वाचता केली. चूक माझी. मला माफ करा."

अण्णा म्हणाले, "असू द्या बाई. होतं." आणि जाऊन बसले.

बाईंनी पहिल्या दोन मेणबत्त्या लावल्या आणि काडी विझवली. गुलाबी मेणबत्ती लावलीच नाही. म्हणाल्या, "ही आज नाही. एका घरी जायचं राहिलंय, आधी तिथे जाऊ." कुजबुज झाली. रीत मोडते, पाळकसाहेब काय म्हणतील, असेही कोणी म्हणाले. बाई पेटीवर जाऊन बसल्या. त्या रविवारी मी गायलो नाही, नुसते ओठ हलवले. समोर टेबलावर न लावलेली गुलाबी मेणबत्ती आणि शेजारी डबा. मुले करंज्या खात होती आणि डबा माझ्यापुढे आला तेव्हा मी "पोट भरलंय" म्हणालो.

सोमवार, मंगळवार कार्यालयात काढले. बुधवारी संध्याकाळी बाईंच्या घरी गेलो. बाई चाचणीचे पेपर तपासत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळे सांगितले. कीबोर्डपासून टेम्पोपर्यंत.

बाईंनी लाल पेन खाली ठेवले. मला वाटले, म्हणतील, मला माहीत होतं. तसे म्हणाल्या असत्या तर माझे निम्मे ओझे उतरले असते. त्या म्हणाल्या, "मला तुझी शंकासुद्धा आली नव्हती रे, प्रकाश." बाईंचे ओरडणे मी अनेकदा खाल्ले आहे. ते एक वाक्य मात्र मला अजून आठवते आणि आठवले की बसल्या जागी चुळबुळ होते.

मग त्या उठल्या, ताट वाढले. भाकरी आणि मेथी. मी म्हणालो, "बाई, रविवारी मंडळीसमोर सांगतो सगळं. तुमच्यावर बोल नको."

"जेव आधी," त्या म्हणाल्या. "मंडळीसमोर सांगशील, लोक म्हणतील, केवढं मोठं मन! आणि अण्णा बिचारे पुन्हा सगळ्यांच्या तोंडी. कोणी तरी मुद्दाम वगळलं, हे त्या म्हाताऱ्या माणसानं चारचौघांत ऐकायचं? जे सांगायचं ते त्यांना जाऊन सांग."

"तुम्ही येता का बरोबर?"

"मी नाही येणार. माफी मागायला शिष्टमंडळ कशाला?"

गुरुवारी कार्यालय सुटल्यावर बसने ऐरोली गाठली. अण्णांच्या इमारतीखाली हिराबाईंचे किराणा दुकान होते. हिराबाई मूळ ऐरोली गावच्याच. अण्णांचे घर विचारले तर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळले. "तू त्या गानंवाल्यांतला हाय का रं? शनवारी म्हातारा जिन्यान खुर्ची टाकून बसला व्हता. मी बोलली, अण्णा, आता कोनी येत नाय, जेवून घ्या. तर बोलतो, येतील गो हिरा, टेम्पो कुठं अडकला आसंल. दोन किलो मैदा नेला व्हता माज्याकडना, ठावं हाय?"

तीन जिने चढायला मला जेवढा वेळ लागला तेवढा आयुष्यात कुठल्याच जिन्याला लागला नसेल.

अण्णांनी दार उघडले, पाणी दिले, ऐकून घेतले. मग म्हणाले, "जन्म छापखान्यात गेला, पोरा. आपोआप गळून पडलेलं अक्षर आणि कोणी उचलून काढलेलं अक्षर, दोन्ही मला ओळखू येतात. यादी बाईंच्या हातात होती तेव्हा लांबूनच तुझं अक्षर पाहिलं मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"एकदा चारचौघांत बोललो होतो. त्याचं काय झालं ते बघतोयस." त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. "बँड म्हणालो ते मी मागे घेत नाही. चारचौघांत म्हणालो ते मागे घेतो."

मला हसू आले आणि रडूही आले. अण्णांना रडणे आवडले नसावे. "आता गा," ते म्हणाले. "शनिवारचं राहिलंय." मी एकटाच, वाद्याशिवाय, त्या खोलीत ते जुने गीत गायलो. दुसऱ्या कडव्यात आवाज फुटेना, तेव्हा अण्णांनी खर्जात ते उचलले आणि पार शेवटपर्यंत नेले. निघताना त्यांनी रिकामा डबा माझ्या हातात दिला. "भरून आण."

शनिवारी टेम्पो पुन्हा ऐरोलीला गेला. डबा सुनीताने भरला होता. तीन जिन्यांवर आमची माणसे, मध्ये हिराबाई आणि त्यांची नातवंडे. बाई गुडघे धरून चढल्या. त्यांनी ती गुलाबी मेणबत्ती पिशवीतून काढली, एका ताटलीत उभी केली आणि काडेपेटी अण्णांच्या हातात दिली. अण्णांनी ती लावली. आम्ही काय गायलो ते आठवत नाही. अण्णा दारातल्या खुर्चीवर बसून पायाने ताल धरत होते, एवढे आठवते. ठेका माझाच होता. दुसऱ्या दिवशी, चौथ्या रविवारी, आनंदाची मेणबत्ती अर्धी जळालेली अशीच कड्यात उभी राहिली. तेव्हापासून आमच्या मंडळीत ती आदल्या संध्याकाळी एकट्या राहणाऱ्या कोणाच्या तरी घरी लावतात. इतर मंडळ्यांतले पाहुणे विचारतात, हे कुठून आले? आम्ही सांगतो, बाईंच्या एका चुकीतून.

तेच खरे नव्हे, म्हणून हा लेख.

अण्णा दोन वर्षांपूर्वी गेले. शेवटपर्यंत मंडळीत कोणाला काही कळले नाही. अण्णांसाठी गप्प राहा, असे बाई म्हणाल्या होत्या. अण्णा गेल्यावरही मी गप्प राहिलो तो माझ्यासाठी. यादी तपासा म्हणून लोक हसत, मीही हसत असे. आणि बाई माझ्याकडे चुकूनसुद्धा बघत नसत, माझी अडचण होऊ नये म्हणून. संपादकांच्या सांगण्यावरून मी बाईंच्या संगीतकार्यावर लिहायला बसलो. गायकांच्या तीन पिढ्या कशा घडवल्या, पेटीच्या सुरावर कान कसा, सगळे जमत गेले. मग लिहिले, "बाईंच्या हातून इतक्या वर्षांत एकच चूक झाली," आणि पुढे पेन चालेना. तो कागद फाडला.

सर्व मंडळीने नोंद घ्यावी, की ऐरोलीच्या यादीतून याकोबअण्णांचे नाव सुवार्ताबाईंकडून राहिले नव्हते. त्यांनी ते सांगितले होते. ते मी, प्रकाश पगारे याने, रागापोटी वगळले. बाईंनी फक्त सही केली, आणि पुढची सात वर्षे तिची लाज राखली.

बाई निवृत्त झाल्या आहेत, पण सकाळी साडेआठचा सराव निवृत्त झालेला नाही. परमेश्वर त्यांना उदंड आयुष्य देवो. त्यांचे गुडघे अजून पुष्कळ जिने चढोत, त्यांची पेटी सुरात राहो आणि आमच्यातले कोणीही दुसरे कडवे चुकले की ते त्यांना मागच्या बाकापर्यंत ऐकू येवो.

या ग्रंथाचे प्रकाशन आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आहे. टेबलावर नेहमीप्रमाणे वाट्या असतील, चाळण्या असतील. बाई, तुमचे निर्दोष नाव माझ्याकडे सात वर्षे पडून होते. या रविवारी ते टेबलावर ठेवतो आहे. रिकामे परत करायचे नाही हा तुमचाच दंडक, म्हणून सोबत डबा आणतो आहे. तो अण्णांचाच; ते गेल्यावर त्यांच्या मुलीने मला दिला. करंज्या मी स्वतः करणार आहे, कडा वाकड्या असतील, आणि पहिली तुम्ही घ्यायची आहे.